सात चिंचोक्यांचा दम

जयरामबाबांच्या दारात कुणीही आलं की ते आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि समोरच्या कदेलीकडे बोट दाखवायचे. कदेल म्हणजे खुर्ची. "दोन मिनटां बस. दम घे. मागीर उलय." म्हणजे, मग बोल. दोन मिनिटं होईपर्यंत ते एक शब्दही ऐकून घेत नसत. घराला आग लागली म्हणून सांगायला आलेल्यालाही जयरामबाब आधी बसवतील, असं शेजारीपाजारी हसून म्हणायचे.

माझी त्यांची पहिली भेट अशीच कदेलीवर झाली. लग्न होऊन डिचोलीला आल्याला मला चार महिने झाले होते. आमचे हे खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचे आणि जयरामबाब त्याच खाणीवर टाइमकीपर होते. कोण किती वाजता कामावर चढला, किती वाजता उतरला, मध्ये किती वेळ विसावला, हे रजिस्टरात लिहिणं त्यांचं काम. एका सकाळी ह्यांना ताप भरला आणि तो निरोप द्यायला मला जावं लागलं. माझं माहेर मोरजीचं, शिक्षण चौथीपर्यंत, आणि परक्या पुरुषाशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. चढण चढताना मी निरोप दहा वेळा घोकला आणि दारात पोचल्यावर सगळा विसरले. त्यांनी घड्याळ बघितलं, कदेल दाखवली. मी काठावर टेकले. ते माझ्याकडे न बघता जनेलातून, म्हणजे खिडकीतून, रस्त्यावरचे ट्रक बघत राहिले. दोन मिनिटांत माझा श्वास जागेवर आला आणि निरोपही आठवला.

"सांग आतां गो बायो," ते म्हणाले, आणि मी सांगितला.

उंच, काटकुळा माणूस. डावा पाय जरा ओढत चालायचे. लहानपणी मामाकडे बेळगावला शिकायला होते, तिथे हॉकी खेळायचे. घोट्यावर काठी बसली आणि खेळ सुटला. आमच्याकडे फुटबॉलचं वेड. हॉकी म्हटली तर लोक विचारायचे, ती कोण खेळतो? मग जयरामबाबांनी ती जेवणाच्या मेजावर आणली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे पत्ते कापले. एक पत्ता म्हणजे एक खेळाडू. त्यावर नाव, आणि त्याची धाव किती, अडवणं किती, मारणं किती, याचे आकडे. मेजावर खडूनं मैदान आखलेलं, मध्ये दोन फासे. एकदा फासे पडले म्हणजे एक मिनिट गेलं. पस्तीस फाशांचा अर्धा डाव, तशी दोन अर्धी.

रविवारी दुपारी पाच जण जमायचे आणि प्रत्येकाचा एक संघ असायचा. आमच्या ह्यांचा पेडणे. शिंपी विनायक साखळीचा, कंपाउंडर सदानंद मयेचा. वर्कशॉपमधला फिटर परशराम बेळगावकडचा, पण त्याचा संघ डिचोली. "गाव तिकडं असलं म्हणून काय झालं ओ, पोट इथं भरतंय की," तो म्हणायचा. आणि जयरामबाबांचा संघ मोपा, कारण ते मूळचे तिथले. मोप्याला तेव्हा नुसता कातळाचा सडा, गवत आणि गुरं. विनायक त्यांना चिडवायचा, "तुमच्या संघात अकरा म्हशी का ओ?" जयरामबाब शांतपणे म्हणायचे, "आख्ख्या गोंयांत इतकें व्हडलें मैदान दुसरें खंय आसा, दाखय." आता त्या सड्यावर विमानं उतरतात.

त्यांचे सगळे नियम लोकांनी मानले. भांडण झालं ते थकव्याच्या नियमावर. प्रत्येक खेळाडूच्या पत्त्यापुढे चिंचोके मांडायचे. साध्याला पाच, तगड्याला सात. खेळाडू धावला, की एक चिंचोका उचलायचा. सगळे संपले की तो दमला. पत्ता पालथा घालायचा, त्याच्या जागी राखीव घ्यायचा, आणि दहा फासे झाले की दमलेल्याला तीन चिंचोके देऊन परत बोलवायचं.

परशरामाला हे पटेना. "असं कुठं असतंय ओ बाब? खऱ्या हॉकीत बाहेर गेला तो गेला. आणि दमतंय काय? पत्ता हाय तो!"

"तेंच," जयरामबाब म्हणाले. "खऱ्या मैदानार माणूस धापा टाकता, ती दिसता. कागदाक दम लागना. म्हणून नियम जाय." आणि फासे गोळा करत, "थकलेल्याक बसयलो म्हणजे काडून टाकलो न्हय रे."

नियम झाला, पण आपल्याच खेळाडूचा चिंचोका उचलायला कुणाचाही हात उठेना. फासे पडले की सगळे आरडाओरडा करायचे आणि चिंचोके तिथेच. जयरामबाबांची बायको पूर्वीच वारली होती, म्हणून रविवारचा चहा करायला मी ह्यांच्याबरोबर जायचे आणि कुजिनीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, दारातून बघत असायचे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "बायो, तुजो संघ ना. तू हंय बस, चिंचोके मेज आनी उखल." मेजप म्हणजे मोजणं, उखलप म्हणजे उचलणं. मी मान हलवून नाही म्हटलं. "उलोवपाची गरज ना," ते म्हणाले. "पत्तो पालथो घातलो म्हणजे पुरो. कोणूच तुका कांय विचारचो ना."

तेव्हापासून मेजाच्या कोपऱ्यावरची कदेल माझी झाली. पाच वर्षं मी तिथे बसले आणि त्या मेजावर मी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. चिंचोके करवंटीत टाकायचे, पत्ता पालथा घालायचा. कुणी कुरकुरला तर जयरामबाब म्हणायचे, "तिणें पालथो घातलो मरे? जालें."

ती वर्षं भाषेच्या भांडणाची होती. गावात कोकणी आणि मराठी असे दोन तट पडले होते. सख्खे शेजारी बोलेनासे झाले होते. आमच्या मेजावरही विनायक मराठीवाला आणि सदानंद कोकणीवाला. गंमत अशी, की विनायकाचा पारा चढला की तो मराठीचा कैवार कोकणीत घ्यायचा आणि सदानंद कोकणीची बाजू छापील मराठीत मांडायचा. एका रविवारी दोघे उठून उभे राहिले. जयरामबाबांनी दोघांपुढे सात-सात चिंचोके मांडले. "एक वाक्य, एक चिंचोको. संपले काय भायर सोप्यार बसून रस्तो पळोवचो, धा फासे." पहिल्या दिवशी विनायकाचे सात चिंचोके चहा यायच्या आत संपले आणि तो बाहेर सोप्यावर जाऊन बसला. आतून आम्हाला त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. पुढे पुढे दोघेही वाक्यं जपून वापरायला शिकले. सदानंद तर नुसता "हूं" म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा, त्याचा चिंचोका जातो की नाही म्हणून. मी उचलायचे.

गोवा घटकराज्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, जयरामबाबांनी सगळ्या संघांच्या सगळ्या खेळाडूंना एकेक चिंचोका जास्त दिला. "राज्य जालें. आज सगळ्यांक एक दम चड."

हा नियम त्यांना कुठून सुचला ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा बाकीचे यायचे होते आणि मी चिंचोके मांडत होते, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. खाणीवर एका मोसमात गाड्या फार होत्या आणि ड्रायव्हर कमी. एक ड्रायव्हर लागोपाठ दुसऱ्या पाळीला चढला. वरच्या साहेबानं सांगितलं, मध्ये आठ तास विश्रांती झाली असं लिही. जयरामबाबांनी लिहिलं. त्या पाळीत ड्रायव्हरला चाकावरच डोळा लागला आणि गाडी मातीच्या ढिगावरून खाली गेली. जीव वाचला, पण त्याचा पाय गेला.

"एकदां मियां खोटी विश्रांती लिहिली, बायो," ते म्हणाले. "एकदांच." मग त्यांनी एक चिंचोका उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. त्यानंतर त्यांनी तसं कधी लिहिलं नाही. साहेब रागावले, त्यांची बढती राहिली, शेवटपर्यंत ते टाइमकीपरच राहिले. आमच्या ह्यांनाही त्यांनी दोनदा फाटकावरून परत पाठवलं होतं. तेव्हा हे घरी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडायचे आणि भाकरी खाऊन दिवसभर घोरायचे.

मग त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. पावसाच्या आधी डिचोली सोडून ते मोप्याला भाच्याकडे राहायला जाणार होते. त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात मोपा विरुद्ध डिचोली अशी गाठ पडली. एवढ्या वर्षांत जयरामबाबांचा मोपा एकदाही जिंकला नव्हता. नियम केले त्यांनी, कप न्यायचे दुसरे. कप म्हणजे ट्रकच्या जुन्या पितळी बुशातून परशरामानं लेथवर कातलेला पेला, पण तो जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर देवाशेजारी असायचा.

त्या सकाळी हे मला म्हणाले, "आज जयरामबाबांक जिंकूंक दिवपाचें थारलां. परशराम पळयतलो सगळें. तू फकत गप रव." मग स्वतःच हसले. "तुका कित्याक सांगतां म्हणा. तू गपच आसता."

मलाही ते बरंच वाटलं. जाणाऱ्या माणसाच्या हातात एकदा कप यावा, यात वाईट काय?

सामना सुरू झाला. पहिल्या अर्ध्यात एक-एक गोल झाला. परशराम नेहमीसारखा भाजलेले चिंचोके चघळत बसला होता. गावाहून आला की तो पिशवीभर आणायचा, त्यामुळे कुणाला त्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात माझ्या लक्षात आलं, की डिचोलीच्या मल्हारीपुढे एकच चिंचोका आहे. मल्हारी त्यांचा सेंटर फॉरवर्ड, तगडा गडी. दुसऱ्या अर्ध्याला मी त्याचे सात नव्यानं मांडले होते आणि तो दोनदाच धावला होता. मला वाटलं, मीच चुकले असेन. पुढच्या फाशाला तो धावला, मी शेवटचा चिंचोका उचलला आणि पत्ता पालथा घातला.

"अरेरे, दमला की ओ मल्हारी!" परशराम म्हणाला. त्याच्या गालात काहीतरी होतं.

मग त्यांचा राइट हाफ दमला. मग लेफ्ट इन. मी परशरामाच्या हाताकडे बघायला लागले. तो पत्ते नीट लावल्यासारखं करायचा, आणि हात तोंडाकडे जायचा. भाजलेला चिंचोका दाताखाली कडकन फुटतो. हे फुटत नव्हते. नुसता गाल फुगत होता.

डिचोलीचे तीन बिनीचे खेळाडू पालथे पडले होते आणि बारा फासे उरले होते. मोप्याची चाल होती. जयरामबाब दोन्ही तळव्यांत फासे घोळत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. लहान मुलाला जत्रेत खांद्यावर घेतल्यावर होतो तसा. हे माझ्याकडे बघत होते. विनायक आणि सदानंद, दोघेही, एका बाजूला होऊन माझ्याकडे बघत होते. गप राहायचं, एवढंच माझं काम होतं.

पण ते तीन पत्ते पालथे मी घातले होते. खेळाडू दमले नव्हते. मेजावर खोटी विश्रांती लिहिली जात होती आणि ती माझ्या हातानं. फासे पडले असते, गोल झाला असता, आणि जयरामबाब तो कप मोप्याला घेऊन गेले असते. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक खोटी विश्रांती लिहिली आणि ती कधी विसरला नाही, त्याच्या देवाशेजारी माझी खोटी विश्रांती.

"परशरामदादा," मी म्हटलं, "तोंडातले चिंचोके काढा."

माझा आवाज त्या मेजावर कुणी ऐकलेलाच नव्हता. विनायकानं तर मागे वळून दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. परशराम काहीतरी बोलायला गेला, पण तोंड भरलेलं, नुसतं "ऊं ऊं" झालं. मग त्यानं खाली मान घालून ओंजळीत सगळे थुंकले.

जयरामबाबांनी फासे मेजावर ठेवले. "मेज. कितले?"

"नऊ," मी मोजून म्हटलं. आता सुरू झाले होते तर थांबता येत नव्हतं. "चार मल्हारीचे, तीन राइट हाफचे, दोन लेफ्ट इनचे."

 जयरामबाबांनी परशरामाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग विनायक-सदानंदांकडे. सगळ्यांच्या माना खाली. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा पडला, आणि मला वाटलं, मी हे काय केलं.

"माज्यार दया करतात रे?" ते हळूच म्हणाले.

"दया न्हवं ओ बाब," परशराम ओंजळ पुढे करत म्हणाला. "माया हाय की."

 जयरामबाबांनी ते ओले नऊ चिंचोके धोतराच्या सोग्याला पुसले आणि माझ्याकडे सरकवले. "मोग आसा जाल्यार गोल मार," ते परशरामाला म्हणाले. "बायो, पत्ते सरळ कर."

मी तिन्ही पत्ते सरळ केले आणि नऊ चिंचोके ज्याचे त्याला मांडले. उरलेले बारा फासे खेळले गेले. तिसऱ्याच फाशाला मल्हारीनं गोल मारला. परशराम ओरडायचं विसरून जयरामबाबांच्या तोंडाकडे बघत राहिला. ओरडले जयरामबाबच. उठून उभे राहिले, दुखरा पाय विसरून, आणि मेजावर थाप मारून म्हणाले, "पळयलो? पळयलो मल्हारी? फाडलो माका तेणें!" सामना संपेपर्यंत ते हसत होते. कप त्यांनी स्वतःच्या हातानं परशरामाला दिला, आणि परशराम तो हातात धरून लहान मुलासारखा रडला.

घरी येताना हे मागे न बघता उतरणीवरून झपाझप पुढे चालत होते. मला भीती वाटत होती. पिंपळाच्या वळणाशी ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "एक दीस गप रवूंक जमलें ना तुका?" हे वाक्य आपण आपल्या बायकोला म्हणतोय, हे त्यांच्याच कानावर पडलं आणि ते रस्त्यात पोट धरून हसायला लागले. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात जयरामबाब गेले. टेम्पोत सामान चढवायला सगळे होते. पत्त्यांची पेटी त्यांनी मांडीवर घेतली होती. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला.

दोन महिन्यांनी पोस्टमन एक कार्ड घेऊन आला. पत्त्यावर माझं नाव होतं. नुसतं माझं. मला त्याआधी कधी पत्र आलं नव्हतं. मोप्याला त्यांनी भाचा आणि शेजारी जमवून नवा मेज मांडला होता. कार्डावर मराठीत, टाइमकीपरच्या उभ्या अक्षरात लिहिलं होतं: "पेडण्याचा सेंटर हाफ दमला आहे. पेनल्टी कॉर्नर मिळाला आहे, आणि तो मारणारा दुसरा कोणी नाही. एका फटक्यापुरता सरळ करावा, असे इथल्या लोकांचे म्हणणे. तुझा निर्णय कळवावा."

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. अक्षर गिरवून बघितलं, मायना पाच वेळा बदलला. शेवटी कार्डावर एवढंच लिहिलं, "पालथाच ठेवा," आणि खाली नाव.

तेव्हापासून वर्षाला चार-सहा कार्डं यायची. सामना मध्येच पावसानं थांबला तर चिंचोके वाढवायचे का, राखीव खेळाडू दमला तर काय, गोलकीपरला दम लागतो का. मी उत्तरं लिहायचे. हळूहळू माझी उत्तरं लांबत गेली. चिंचोक्यांनंतर मी डिचोलीची खबरही लिहायला लागले, परशरामाला मुलगी झाली, सदानंद आणि विनायक व्याही झाले आणि लग्नपत्रिका दोन्ही भाषांत छापली, असं काही काही.

बऱ्याच वर्षांनी एक कार्ड आलं, त्यात मेजावरचं काही नव्हतं. ते गावातल्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पोरांना खरी हॉकी शिकवत होते, हे मला ठाऊक होतं. अक्षर जरा वाकडं झालं होतं. "डॉक्टर म्हणतो, छातीत दम उरला नाही, बसा. पोरे म्हणतात, या. डॉक्टर पोरांना ओळखत नाही, पोरे डॉक्टरला ओळखत नाहीत. तू मला ओळखतेस. बसू की खेळू?"

मी दोन दिवस ते कार्ड घेऊन फिरत होते. त्यांना काय ऐकायचं आहे ते कळत होतं, आणि तेच लिहावं असं मनात येत होतं. मग लिहिलं: "बसा. दहा फासे झाले की तीन चिंचोके घेऊन परत या."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. भाच्यानं कळवलं, सोप्यावर बसले होते, समोर मैदानावर पोरं खेळत होती, हाका मारून त्यांना शिकवणं चालू होतं. पण त्याआधी माझ्या कार्डाला त्यांचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी आपल्या बोलीत लिहिलं होतं, मेजावर बोलायचे तसं.

"बसलों. मेजतां."